पोळ्या लाटताना खांदा कानाला लागतो

«ताई, नमस्कार. पाथर्डी फाट्याजवळ चौथ्या मजल्यावर आम्ही जुना फ्लॅट घेतला, त्याला दीड वर्ष झालं. स्वयंपाकघर १० बाय ७. खिडकीच्या भिंतीला ८ फुटी ओटा, गॅस बरोबर खिडकीखाली, सिंक उजव्या टोकाला ड्राय बाल्कनीच्या दाराशी, डाव्या कोपऱ्यात फ्रीज. ओटा ३५ इंच उंच आणि माझी उंची ४ फूट ११. पोळ्या लाटताना खांदा अक्षरशः कानाला लागतो. वारा सुटला की गॅस विझतो, म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद, म्हणून घामाच्या धारा. सिंक आणि गॅसच्या मध्ये थोडी जागा आहे, तिथे भांड्यांची टोपली बसलीय. दिवा पाठीमागे, मिक्सरचा प्लग सिंकच्या डोक्यावर. आमचे हे म्हणतात, सिंहस्थ होऊन जाऊ दे, मग एकदमच मॉड्युलर करू. सासूबाई म्हणतात, आम्ही चुलीपुढे बसून पंचवीस माणसांचं केलं. माझ्याकडे २५ हजार बाजूला आहेत. थांबू, की आत्ता काही करू? की माझीच पद्धत चुकतेय? — एक वाचक, नाशिक»

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पत्रात तो तुम्ही अगदी हळूच विचारलाय आणि मला तोच सगळ्यात जास्त टोचला. तुमची पद्धत चुकत नाही. तो ओटा दुसऱ्या कुणाच्या मापाचा आहे. दुसऱ्याची चप्पल घालून दीड वर्ष चाललात तर टाच दुखणारच, त्यात चालणाऱ्याचा काय दोष?

आणि थांबू नका. सिंहस्थाची मोठी स्नानं उरकून मग काम काढायचं म्हटलं तरी २०२७ ची दिवाळी उजाडेल. तोवर रोजच्या वीस पोळ्या धरल्या तर किती वेळा तो खांदा वर जाईल, याचा हिशोब घरात मोठ्याने करून दाखवा. तोडफोड मात्र आत्ता नको. तुमच्या पत्रावरून मी ओट्याचा कागदावर नकाशा काढला. बरीचशी दुखणी वस्तू हलवून कमी होण्यासारखी आहेत.

उंचीपासून सुरुवात करू. घरात घालता त्या चपला घालून सरळ उभ्या राहा, हात अंगालगत ठेवून कोपर काटकोनात दुमडा, आणि मुलाला जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरायला सांगा. तुमच्या उंचीला हे माप साधारण ३७ इंच येईल. भाजी चिरायची जागा कोपराच्या ४ ते ६ इंच खाली हवी. कणीक मळणं आणि पोळी लाटणं ही जोराची कामं, त्यांत अंगाचा भार वरून खाली पडावा लागतो, म्हणून ती जागा आणखी खाली, कोपरापासून ८ इंच तरी खाली हवी. म्हणजे तुम्हाला चिरायला ३१ ते ३३ इंच आणि लाटायला २९ इंच. तुमचा ओटा ३५. त्यावर पोळपाट आला की लाटणं थेट कोपराच्या रेषेत येतं. मग जोर द्यायला शरीर एकच गोष्ट करू शकतं, खांदा उचलतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. जुन्या गंगापूर नाक्याजवळ आम्ही भाड्याने राहत होतो, तिथला ओटा असाच उंच होता. उजवा खांदा दोन वर्षं दुखत होता. तेल झालं, शेक झाला, गोळ्या झाल्या. शेवटी एका फिजिओथेरपिस्टबाईंनी मला त्यांच्या टेबलासमोर उभं केलं आणि हातात पेन देऊन म्हणाल्या, हे लाटणं समजा, लाटून दाखवा. मी नेहमीसारखे हात उचलले. त्यांनी माझ्या खांद्यावर नुसता तळवा ठेवला आणि विचारलं, तुमचा ओटा किती उंच आहे हो? दोन वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, मलाही सुचला नव्हता. त्या दिवसापासून मी पोळ्या जेवणाच्या टेबलावर लाटायला लागले. लाटताना कोपर सरळ होतं, मनगट मोकळं फिरतं, पोळीच्या कडा पातळ येतात. महिन्याभरात रात्रीची ठणक थांबली. तुमच्या बोटांना मुंग्या येत असतील किंवा हात डोक्यावर नेताना कळ येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. ओट्याचं काम त्यानंतर.

तेव्हा मुख्य खरेदी ही करा: समोरच्या मोकळ्या भिंतीला २९ इंच उंचीवर घडीचं टेबल, १५ इंच रुंद, ३ फूट लांब. स्वयंपाकघराची रुंदी ७ फूट, त्यातले २ फूट ओट्याने खाल्ले, सव्वा फूट टेबलाने, तरी मध्ये पावणेचार फूट उरतात. दोन बायका पाठीला पाठ लावून काम करू शकतील. टेबल उघडल्यावर हलता कामा नये. त्याचे ब्रॅकेट लोखंडी आणि जाड घ्या, आणि सुताराला सांगा की यावर कणीक मळायची आहे. शोभेच्या टेबलाचे ब्रॅकेट महिन्याभरात ढिले होतात. मळणं, लाटणं, निवडणं, मिक्सर फिरवणं, सगळं इकडे आणा.

कुणी तुम्हाला ओट्यापुढे पाय ठेवायला लाकडी फळ्यांचा चौथरा करा असं सांगेल. उंचीचा प्रश्न त्याने सुटतो हे खरं. पण तो भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग असला तरच बरा. मध्येच संपणाऱ्या चौथऱ्यावरून हातात गरम पातेलं असताना पाय खाली पडतो. घरात सासूबाई आहेत, म्हणून तुमच्याकडे मी तो सुचवणार नाही.

गॅसवरच्या उंचीचं काय? ओटा ३५, शेगडी ४, त्यावर ४ इंची कढई, म्हणजे कढईची कड ४३ इंचांवर, तुमच्या कोपराहून अर्धा फूट वर. शिरा किंवा पिठलं ढवळताना वाफ तोंडावर येते ती यामुळे. यावर आत्ताचा उपाय भांड्यांत आहे. उभट पातेलं बाजूला ठेवा, लंगडी आणि पसरट कढई वापरा, आणि लांब दांड्याचा उलथना घ्या. पुढे कधी ग्रॅनाईट कापायची वेळ आली तर ओट्यात बसणारा हॉब घेता येईल. त्याने शेगडीच्या उंचीतला काही भाग वाचतो.

आता गॅस आणि खिडकी. तुमच्याकडे पांडवलेण्याच्या बाजूने आषाढातला वारा कसा येतो ते मला माहीत आहे, गच्चीवरचे कपडे टिकत नाहीत. तो वारा ज्योत विझवतो तेव्हा बर्नर उघडाच राहतो आणि गॅस येतच राहतो. आपल्याकडच्या बहुतेक साध्या शेगड्यांना ज्योत गेल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय नसते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो ओट्यावरून उतरून जमिनीलगत साचतो. म्हणून तुम्ही खिडकी बंद ठेवता ते समजतं, पण बंद खोलीत तासभर दोन बर्नर पेटते ठेवणंही बरं नाही. निफाडकडचा गारठा इकडे पसरतो त्या डिसेंबर-जानेवारीत तर सगळी दारं लावून स्वयंपाक चालतो. डोकं जड होतं आणि आपण म्हणतो पित्त झालं.

आणि इथेच तुमच्या ओट्याची गंमत आहे. शेगडी फ्रीजच्या बाजूला दीड फूट सरकवा. ८ फुटांच्या ओट्यावर आत्ता ती मधोमध आहे. सरकवल्यावर फ्रीज आणि शेगडीत साधारण फूटभर अंतर राहील. तेवढं राहू द्याच, फ्रीजला शेजारची धग नको. मग तुमची सरकती खिडकी दोन भागांत वागवा. डावी काच शेगडीमागे कायम बंद, उजवी उघडी. वारा शेगडीच्या बाजूने येईल, थेट ज्योतीवर येणार नाही. आणि त्याच हलवण्यात सिंक आणि गॅसच्या मध्ये जवळपास पावणेतीन फूट मोकळे होतात. धुणं, चिरणं, शिजवणं अशी कामं ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने जागा लागते. तुमच्याकडे मधली पायरीच गायब होती. भाजी धुतली की हातात धरून उभं राहायचं, अशी ती रोजची तारांबळ.

अट एवढीच की ती जागा मोकळी राहिली पाहिजे, आणि ती तशी राहत नाही हे कुठल्याही बाईला विचारा. भांड्यांची टोपली तिथून उठवा. भांडी बाजारात स्टीलची भिंतीवरची मांडणी मिळते, ती सिंकच्या वर लावा, म्हणजे निथळलेलं पाणी सिंकमध्येच पडेल. तुमचा हात टाच न उचलता खालच्या कप्प्यात पोचेल एवढ्या उंचीवर लावा. लावणाऱ्या माणसाच्या उंचीवर लावू देऊ नका, तो पुरुष असतो आणि त्याच्या नजरेसमोर खिळा मारतो. पोळ्यांचा डबा, पाण्याचा फिल्टर, तेलाची बरणी हेही या पावणेतीन फुटांत शिरू पाहतील. त्यांना समोरच्या टेबलाच्या वर एक फळी द्या.

शेगडी हलवायच्या आधी नळी पाहा. सुरक्षा नळी जास्तीत जास्त दीड मीटर, मध्ये जोड नाही, शेगडीच्या मागून तापत गेलेली नाही, आणि तिच्यावर छापलेली तारीख ५ वर्षांच्या आत. सिलिंडर ओट्याखाली बंद दारात असेल तर त्या दाराला खाली, जमिनीलगत जाळी पाडून घ्या आणि वरही एक. खालची जास्त महत्त्वाची, जड गॅस तिथूनच बाहेर पडेल. भरलेला दुसरा सिलिंडर त्याच कपाटात कोंबू नका. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड, सगळे बाहेर, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. हा नंबर मुलांनाही पाठ असू द्या. पाइपचा गॅस आला असेल किंवा येणार असेल तर तो हवेपेक्षा हलका, वर चढतो. तेव्हा खिडकीचं वरचं तावदान उपयोगी.

त्याच वरच्या तावदानात एक्झॉस्ट पंखा बसवा. चिमणी घेण्याइतके पैसे यात घालू नयेत असं माझं मत आहे, २५ हजारांतले बरेचसे तिथेच जातील. पंखा लावूनही घरं घामट राहतात त्याचं कारण बहुतेकदा एकच. पंख्याच्या शेजारचीच खिडकी उघडी असते, बाहेरची हवा तिथून आत येते आणि दोन हातांवरून परत बाहेर जाते, खोलीतला धूर जागच्या जागी. फोडणी देताना उजवी काच ओढून घ्या आणि ड्राय बाल्कनीचं दार उघडा. हवा तुमच्या अंगावरून ओट्याला लागून पंख्याकडे जाईल. दोन दिवस करून पाहा, फरक तुम्हाला मिरच्यांच्या ठसक्यातच कळेल.

दिव्याचं काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करण्याजोगं. पाठीमागचा दिवा तुमचीच सावली विळीवर, सुरीवर पाडतो. मोकळ्या केलेल्या जागेच्या वर, पुढे आलेल्या कडेला खालच्या बाजूने एक एलईडी पट्टी लावा. मागच्या कडेला लावली तर उजेड भिंतीवर पडतो. पिवळा नको, निळसर पांढराही नको, मधला घ्या. मेथीतली पिवळी पानं आणि तांदळातले खडे दिसले पाहिजेत.

पैशांतला मोठा हिस्सा मात्र इलेक्ट्रिशियनला द्या, इथे काटकसर करू नका. सिंकच्या डोक्यावरचा प्लग बंदच करून टाका. ओल्या हाताने मिक्सर लावायचा हा प्रसंगच येऊ नये. नव्या टेबलाच्या वर दोन पॉइंट घ्या, त्यातला एक १६ अँपिअरचा. इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह तिथेच चालतील, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही. आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते विचारा. शॉक बसत असताना वीज तोडणारी ती वस्तू आहे. साधा एमसीबी, म्हणजे जादा भार आला की पडणारा खटका, त्या कामासाठी केलेलाच नाही. जुन्या इमारतींत आरसीसीबी बहुतेकदा नसतो, आणि घर विकत घेताना टाइल्स पाहतो तसं हे कुणी पाहत नाही.

माळ्यावर वर्षाचं सामान: कुरडयांचा सोऱ्या, दिवाळीचे डबे, मोठी पितळी. रोजचं सगळं कंबर ते डोळे एवढ्या पट्ट्यात. गव्हाची कोठी ड्राय बाल्कनीत न्या. पावसाळ्यात भिंतीला चिकटवून ठेवू नका.

आता सासूबाईंचं बोलणं. तुम्हाला ते लागलं हे पत्रातून कळतं, पण मला वाटतं त्या एक खरी गोष्ट सांगताहेत. वाड्यांतलं स्वयंपाकघर जमिनीवर होतं. चूल खाली, विळी खाली, पाटा-वरवंटा खाली. धुराने डोळे गेले, गुडघे गेले, ते दिवस परत आणू नयेत. पण विळीवर बसलेल्या बाईचा खांदा कानाला लागत नव्हता. काम हाताखाली असायचं. आपण उभ्याचा ओटा घेतला, आणि तो किती उंच हवा हे मात्र गवंड्यावर सोडलं.

१९२६ साली फ्रँकफर्टमध्ये मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या आर्किटेक्टबाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. कुठल्या कामाला किती पावलं पडतात हे मोजून आखलं, आणि तशी सुमारे १० हजार घरं झाली. ते साडेसहा चौरस मीटरचं होतं, म्हणजे ७० चौरस फूट. तुमचं १० बाय ७ म्हणजेही ७० च. त्या जागेत त्यांनी खिडकीखाली कामाची फळी दिली आणि बसून चिरायला फिरतं स्टूल दिलं, फळीलाच सालं लोटायचा कप्पा दिला, आणि छताचा दिवा हवा तिथे सरकवता येईल असा लावला. एकट्या बाईपुरतं केलं, ही त्यातली उणीव. आपल्या घरात दोघीतिघींचे हात असतात, कुरडया-पापडाच्या दिवसांत तर शेजारणीही. पण बसून काम करण्याची सोय त्यांनी आळस मानली नाही. सासूबाईंना हे सांगा. आणि नव्या टेबलापाशी त्यांच्यासाठी पाठ असलेली एक खुर्ची ठेवा. शेंगा सोलणं, लसूण निवडणं, लाट्या करणं त्या तिथे बसून करतील, आणि तुम्ही दोघी समोरासमोर असाल.

यजमानांच्या मॉड्युलरला माझा विरोध नाही. दोन गोष्टी मात्र त्यांना आजच सांगून ठेवा. ओट्याचा ग्रॅनाईट खालच्या कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर पेललेला असतो. ट्रॉल्या बसवायला त्या फरश्या काढतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, वरचं वजन कशावर राहील? आणि सिंकखाली प्लायवूड लावायचंच असेल तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचा, शिक्का असलेलं, नाहीतर तिथे लाकूडच नको. कॅटलॉगमधला रंग सगळ्यात शेवटी ठरवा.

पण त्याआधी एक रविवार त्यांचा घ्या. वही-पेन घेऊन त्यांनी दारात बसायचं. तुम्ही नेहमीसारखा वरण-भात-भाजी-पोळीचा स्वयंपाक करायचा, काही बोलायचं नाही. फ्रीजकडे किती वेळा गेलात, हात खांद्याच्या वर किती वेळा गेला, भिजलेली भाजी हातात धरून कुठे उभ्या राहिलात, एवढं त्यांनी टिपायचं. पुढच्या रविवारी वही तुमच्याकडे, स्वयंपाक त्यांच्याकडे. ते उंच असले तर ओटा त्यांना ठेंगणा होईल आणि भांडी घासताना पाठ धरेल. सिंकमध्ये एक घमेलं पालथं घालून त्यावर टब ठेवला की त्यांचं काम वर येईल, हेही सांगून ठेवते, कारण भांडी पुढेही घासावी लागतीलच. दोन्ही रविवारची पानं मला पाठवा, त्यांतलं पाहून टेबल नेमकं भिंतीच्या कुठल्या भागावर ठोकायचं ते सांगेन. दिवा आणि नळी यांच्यासाठी मात्र माझ्या उत्तराची वाट पाहू नका, ती कामं याच आठवड्यात करून घ्या.